अर्ध्यात अडकलेली लग्नं

इतवाऱ्यातल्या त्या घरात पुढच्या खोलीत वैजयंतीचं अल्बमचं काम चाले आणि मागच्या खोलीत तिचे सासरे उखर्डूबाबा नाकाला ऑक्सिजन मशीनची नळी लावून पडलेले असत. नवरा जीवन गावोगावच्या लग्नांची शूटिंग करी. ती लग्नं कॉम्प्युटरात मावेनाशी झाली होती. दुसरी डिस्क आणतो, असं तो दर सीझनला म्हणायचा आणि विसरायचा.

शेवटी वैजयंतीनंच डिस्कवरचं लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे फारसा न लागणारा एक कप्पा, लहान केलं आणि लग्नांनी भरलेलं पार्टिशन त्या मोकळ्या जागेत सरकवायला लावलं. सरकताना मध्येच बंद पडलं तर सगळं मातीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इन्व्हर्टर भरलेला आहे, एवढाच तिचा भरवसा.

भर दुपारी लाइट गेली. कॉम्प्युटर आणि मशीन, दोन्हींचा भार पेलेना; इन्व्हर्टर किंचाळायला लागला. आतून बाबा धापा टाकत म्हणाले, "चालू दे ना पोरी तुझं. मी काढतो थोडा वेळ मशीनविना."

तिनं कॉम्प्युटरची पिन उपटली. सगळी लग्नं गेली.

बाबा तरीही दोन दिवसांनी गेले. दारावर बसायला आलेली माणसं उठताना तिच्याजवळ थांबून हळूच विचारत, "भाभी, आमचे फोटो खरंच गेले का?"

तिनं ते गिळलं. पण माणसं पांगल्यावर डोकं भादरलेला जीवन भिंतीकडे बघत म्हणाला, "दोन दिवसांसाठी उपटलीस ना पिन?"