डाव्या चाकाची पिन

आमच्याकडं एक ट्रॉली आहे, दोन चाकांची. शेणखत-ऊस वाहायची दुसरी. ही फक्त यात्रेची. वर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री, आत फळ्यांचे बाकडे, बाकड्यांखाली पिठाचे डबे, मागं पाण्याची काळी टाकी आणि तिला पितळी नळ. शेगडी, बॅटरीवरचे दोन दिवे, चढायला शिडी. चैत्री पौर्णिमेला ती ट्रॅक्टरला जोडायची, घरचे दहा-बारा जण बसायचे आणि तेरजवळच्या आमच्या गावातून येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जायचं. चार-पाच दिवस तिच्यातच राहणं, तिच्यातच स्वयंपाक. यात्रेत ओळखीचे लोक लांबूनच म्हणायचे, "आलं बगा ह्यांचं घर, चाकासकट."

ट्रॅक्टर चालवायचे माझे थोरले भाऊ, आण्णा. ट्रॉलीची देखभाल माझ्याकडं. मी आयटीआयला फिटर केलेलं होतं. पुढं नोकरी लागली ती कचेरीत, टेबलावरची. पण घरचा फिटर मीच राहिलो.

होळी झाली की ट्रॉली उघडायची, हा वडिलांनी घालून दिलेला नेम. कुणीतरी म्हणायचंच, "चालतीय की चांगली, कशाला उघडताय?" वडील म्हणायचे, "चालतीय तवरच उघडावी. बंद पडल्यावर काय, कुणीबी उघडतंय." जॅक लावून चाक उचलायचं, खाली लाकडी ठोकळा द्यायचा. चाकाच्या मधोमध जो डबा असतो, त्याला हब म्हणतात. त्याचं टोपण काढलं की आत एक मोठा नट दिसतो. नटाला खाचा असतात आणि खाचेतून, अक्षाच्या भोकातून, एक दोन पायांची पिन आरपार गेलेली असते. नट फिरू नये म्हणून. बोटभर लांबीची ती पिन. पण चाक जागेवर राहतं ते तिच्या जिवावर. पिन काढायची, नट काढायचा, बेरिंग डिझेलमध्ये धुऊन दाणा न् दाणा उजेडात फिरवून बघायचा, नवं ग्रीस तळहातानं दाबून भरायचं. नट बसवायचा, आणि पिन नवीन घालायची. जुनी पिन परत घालायची नाही. ती एकदा वाकलेली असते.

हे सगळं मला येत होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. मला ठाऊक नव्हतं म्हणायला जागा नाही.

सहा वर्षांपूर्वी होळी गेली, पाडवा गेला, तरी मी ट्रॉलीला हात लावला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी लावला. उजवं चाक नीट झालं. डाव्याची पिन काढताना मोडली, आणि पिनांच्या डबीत बघतो तर नवी एकच होती, ती उजव्याला गेलेली. पाच वाजले होते. मोटारसायकल दारात होती, धाराशिवला जाऊन यायला तासाभराचं काम. टीव्हीवर मॅच चालू होती. लिहायला लाज वाटते, पण कारण एवढंच होतं. स्लॅबचे गज बांधायची तार पडली होती, तिचा दुहेरी पीळ करून भोकातून घातला, टोकं दुमडली, टोपण ठोकलं. सकाळी लवकर जाऊन पिन आणू, असं मनाशी म्हणालो.

सकाळी उठून बाहेर आलो तर ट्रॉलीची पूजा झालेली. बायकांनी पहाटेच उठून दोन्ही चाकांना हळदी-कुंकू लावलं होतं, नारळ फुटला होता, डाव्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. आमच्याकडं पूजा झालेल्या गाडीला पाना लावत नाहीत. नारळ फुटला की ती देवीची. येरमाळ्याला पोचेस्तोवर तिचा नटबोल्ट सैल करायचा नाही, अपशकुन; परतीला निघताना पुन्हा नारळ. मला तोंड उघडायचं असतं तर सगळ्यांपुढं सांगावं लागलं असतं, की पिनेच्या जागी तार आहे. मी पाना हातातच घेऊन उभा होतो. वहिनी शिडीवरून म्हणाल्या, "भावजी, पाना घिऊन काय यात्रेला येताय? बसा की."

मी पाना ठेवला आणि बसलो.

येरमाळ्याच्या अलीकडं एक लांब उतार आहे. तिथं डावं चाक निघालं. ते आमच्या पुढं पळत गेलेलं मी ट्रॉलीतून बघितलं, आणि मग आम्ही त्या बाजूला कलंडलो. ट्रॉली घासत गेली, पण उलटली नाही. आण्णांनी ट्रॅक्टर वाकडा होऊ दिला नाही. दुसरा कुणी असता तर रस्त्याकडेच्या खड्ड्यात आम्ही सगळे गेलो असतो. वहिनी डाव्या बाजूला बसल्या होत्या. पाण्याची भरलेली टाकी सरकली ती त्यांच्या उजव्या हातावर. कोपर फुटलं.

लोक जमले, जीप मिळाली, वहिनींना दवाखान्यात नेलं. मी ट्रॉलीपाशी थांबलो. मागं चालत जाऊन हबचं टोपण शोधलं, नट शोधला. नटाच्या खाचेत तारेचा तुकडा अडकून होता. तो मी ओढून काढला आणि उताराच्या कडेच्या काट्यांत फेकला. कुणी बघत नव्हतं.

इथवरची चूक आळसाची आणि भिडेची. पुढची तशी नाही.

आण्णांना सवय होती, उतार लागला की गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडायची, डिझेल वाचतं म्हणून. त्या दिवशीही काढला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक असताना आण्णा भिंतीला टेकून म्हणाले, "म्या न्यूट्रल केलती. गाडी पळाली, धक्का बसला, म्हणून चाक निसटलं." आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, फिटर मी होतो. मी म्हणालो, "किती येळा सांगितलं असंल तुम्हाला, उताराला न्यूट्रल करू नका."

एवढंच बोललो. त्यावर सगळं ठरलं.

वहिनींचा हात पूर्वीसारखा सरळ झाला नाही. भाकरी त्या डाव्या हातानं थापायला शिकल्या. आणि आण्णांनी ट्रॅक्टरच्या सीटवर पुन्हा पाय ठेवला नाही. कुळवाची पाळी, पेरणी, सगळं भाड्याच्या ड्रायव्हरकडून. लग्नाकार्यात कुणीतरी चेष्टेत म्हणायचंच, "आण्णा, न्यूट्रल करू नगा बरं का," आणि आण्णा हसायचे. त्या हसण्याच्या वेळी मी पंगतीत वाढायला घ्यायचो. ट्रॉली मी पुढच्याच महिन्यात दुरुस्त केली, पण ती कुणी बाहेर काढली नाही.

यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "भावजी, औंदा ट्रॉली काढायची. सासूबाईंनी घातलेला रिवाज हाय, माझ्यापायी मोडला असं व्हायला नगं."

"आण्णा काय म्हणतात?"

"ते म्हणत्यात, जावा तुमी, मी घर राखतो. मी म्हनलं, घराला काय पाय फुटलेत का राखायला?" त्या जायला उठल्या. "ड्रायव्हर भाड्याचा बघा. आन् चाकं नीट बघा. त्येंचा जीव अजून त्या चाकापाशीच घुटमळतोय."

त्या गेल्यावर मी ठरवलं. ट्रॉली नीट करायची आणि ती अंगणातून हलायच्या आत आण्णांना सांगायचं. दोन्हीतलं एक करून भागणार नव्हतं.

पहिल्या रविवारी ताडपत्री सोडवून धुतली, कमानींचा गंज घासला. टाकी आतून चुन्यानं धुतली आणि या वेळी दोन पट्ट्यांनी चौकटीला आवळून टाकली. शेगडीची नळी नवी आणली. दुसऱ्या रविवारी ट्रॅक्टरला जोडायचा आकडा आणि त्याची वेल्डिंग, रंग खरवडून, उघडी करून बघितली. रंगाखाली चीर दडते. अक्षावरच्या स्प्रिंग-पाट्यांचे बोल्ट आवळले. टायर दिसायला ठीक होते, पण सहा वर्षं एका जागी उभे. बाजूनं बारीक भेगा होत्या. नवे घेतले. पिना मी डझनभर आणल्या. दुकानदार म्हणाला, "चाकं किती हायती?" मी म्हणालो, "दोन." तो म्हणाला, "मग काय नातवांसाठी ठिवताय का?"

तिसऱ्या रविवारी हब उघडले. डावा उघडायच्या आधी आण्णांना हाक मारली. ते आले, उलट्या बादलीवर बसले. चाकाकडं बघत नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. मी बेरिंग धुतलं, ग्रीस भरलं, नट बसवला, आणि पिन हातात धरून म्हणालो, "आण्णा, त्या साली ही इथं नव्हती."

"कंची?"

"ही पिन. मी तार घातलती. आदल्या दिवशी पिन मोडली, आणायला गेलो नाही. चाक तुमच्या न्यूट्रलमुळं निघालं नाही. मला तिथंच कळलं होतं. नटात तार होती, ती मी फेकली."

आण्णांनी आता चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी न्यूट्रलनं काईच झालं न्हाई?"

"गाडी जरा जास्त पळाली असंल. पण गिअरमधी असती तरी चाक निघालंच असतं. आज न्हाई तर दोन मैलांवर."

"आन् व्हरांड्यात तू काय बोल्लास?"

"जे बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे."

"न्हाई, तू सांग. तुज्या तोंडानं सांग."

मी ते वाक्य पुन्हा म्हणालो. सहा वर्षांनी, तसंच, शब्द न बदलता. आण्णा उठले. म्हणाले, "ज्याचा हात मोडला त्याला सांग आधी," आणि निघून गेले. मी पिन घातली, पाय वाकवले, टोपण बसवलं, हात धुतले आणि वहिनींकडं गेलो.

त्या ज्वारी निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांचा निवडणारा हात थांबला नाही. शेवटी म्हणाल्या, "हात माझा गेला, त्याचं काय, वय झालं की असंबी दुखतंयच. पर माणूस माझा सहा वर्सं खाली मान घालून जेवला, भावजी." त्यांनी एक खडा उचलून बाहेर टाकला. "मला आन् त्येनला सांगून काय हुतंय? नाव चारचौघांत गेलंय. व्हरांड्यात जेवढे हुते तेवढ्यांम्होरं सांगा."

"सांगतो."

"माफी मागू नगा. नुस्तं सांगा."

निघायच्या दिवशी सकाळी अंगणात सगळे होते. चुलते, आत्या, बहिणी, दोन्ही जावई. ताटात हळदी-कुंकू, नारळ. भाड्याचा ड्रायव्हर चहा पीत होता. आत्यानं नारळ उचलला तेव्हा मी म्हणालो, "थांबा. मला बोलायचंय." आणि बोललो: तार, मॅच, पूजा, काटे, व्हरांडा. माफी मागितली नाही. मॅचचं सांगताना धाकट्या जावयानं खाली बघितलं. चुलते म्हणाले, "आरं, आता कशाला ते उकरतूस? झालं गेलं." मी म्हणालो, "काका, आण्णांना न्यूट्रल म्हणून चिडवणाऱ्यांत तुम्ही पुढं होता. म्हणून."

आत्या नारळ धरूनच उभी होती. "मग आता हे करायचं का न्हाय?" तिनं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "पयलं चाक उघडा. सगळ्यांनी बघू द्या. नारळ मागनं."

मी पाना घेतला. पण आण्णा पुढं झाले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि डाव्या हबचं टोपण स्वतः काढलं. वाकून पिन बघितली. बोटानं दाबून, दोन्ही पाय वाकलेत का ते बघितलं. टोपण ठोकलं. मग उजवं. मग भाड्याच्या ड्रायव्हरला म्हणाले, "बाबा, तुजा आजचा रोज तुला देतो. तू यात्रेला चल, नाहीतर घरी जा." तो म्हणाला, "देवीचं बलावणं हाय म्हणायचं," आणि शिडी चढून ट्रॉलीत बसला.

नारळ फुटला. आण्णा ट्रॅक्टरवर चढले. पहिल्यांदा गिअर टाकताना खरकन आवाज झाला. कुणी हसलं नाही.

त्या उतारावर मी मागच्या फळीवर, टाकीशेजारी बसलो होतो. इंजिनाचा आवाज चढला. गाडी खालच्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं उतरत होती. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. वहिनी डाव्या बाजूलाच बसल्या होत्या, वाकडा हात मांडीवर ठेवून, बाहेर बघत. माझ्याशी त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

येरमाळ्याला पोचल्यावर बायका शेगडी मांडायला लागल्या. आण्णा उतरले ते सरळ चाकांकडं गेले. डाव्या हबवर तळवा ठेवला, तापलाय का बघायला, मग उजव्यावर. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते ऐकायची मी तयारी केली होती.

ते धोतराला हात पुसत म्हणाले, "परतीला निघायच्या दिवशीबी उघडून बघ. नारळाच्या आधी."

"व्हय," मी म्हणालो.