बाळंतिणीला दिलेले तीन लाडू

मी एका अस्वलाला बिघडवलं आहे.

खारघरच्या अकराव्या मजल्यावर राहून हे कसं जमलं, असं कोणी विचारेल. इथे बिघडवायला फार तर नातवंडं मिळतात. (ती मी बिघडवतेच, असं सूनबाई म्हणते. त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण मी बोलत नाही.)

मी बोलत नाही हे आधीच सांगायला हवं. चार इयत्ता शिकलेली बाई, चार माणसांत तोंड उघडायची मला भीती वाटते. दूधवाला चुकून दोन लिटर जास्त देऊन गेला तर मी पनीर करते, पण त्याला मागे बोलावत नाही. एकदा लिफ्टमध्ये कोणीतरी माझ्यासाठी चुकून सातव्या मजल्याचं बटण दाबलं. मी सातव्यावर उतरले आणि उरलेले चार मजले जिन्याने चढले.

आमचे हे वाशीच्या मार्केटात पस्तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहून आता घरी बसलेत. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. मुलगा नितीन कंपनीत आहे आणि त्याला फोटोचा नाद आहे. त्याने नवा कॅमेरा आणला तेव्हा त्याचं भिंग बघून ह्यांना वाटलं, पोरानं पाणी तापवायचा बंब आणला. त्या बंबाने नितीनने खाडीवर जाऊन फ्लेमिंगोंचे फोटो काढले. सोसायटीच्या ग्रुपवर टाकले तर कोणीतरी विचारलं, ही कसली बुरशी?

त्यातच चौथ्या मजल्यावरच्या नाडकर्णींनी कुठूनसा वाघाचा फोटो काढून आणला आणि सेक्रेटरींनी तो लिफ्टच्या शेजारी टांगला. झालं! नितीनला रोज लिफ्टची वाट बघत त्या वाघासमोर उभं राहावं लागे. दोन महिन्यांत पोराचा चेहरा उतरला. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "वाघ काय, कोणीही काढतं. मी अस्वल काढणार."

म्हणून मार्चच्या शेवटी आम्ही विदर्भातल्या एका जंगलात गेलो. नितीन, सूनबाई रूपाली, हे आणि मी. नातवंडं रूपालीच्या माहेरी, उरणला. मी प्रवासासाठी शेंगदाण्याचे लाडू केले होते, चांगले मोठा डबाभर.

पहाटे उघडी जीप आली. बरोबर गाईड म्हणून माया नावाची मुलगी, रूपालीच्याच वयाची, खाकी कपड्यांतली, जंगलाला लागून असलेल्या गावातली. तिने गेटवरच नियम सांगितले. खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही, गाडीतून काही बाहेर टाकायचं नाही. मला ते फार आवडलं. आमच्या सोसायटीत गॅलरीतून काय काय खाली येतं ते मी बघते ना. मी जोरजोरात मान हलवली. एवढी मान हलवणारं गिऱ्हाईक मायाला त्या सीझनमध्ये दुसरं मिळालं नसेल.

मी सगळ्यांच्या मागे, कोपऱ्यातली जागा धरली. (कोपरा असला की कोणी काही विचारत नाही.)

तासाभराने मायाने हात वर केला. गाडी थांबली. समोर वारूळ, आणि वारुळाला तोंड लावून एक काळं घोंगडं बसलेलं. घोंगड्याच्या पाठीवर दोन छोटी घोंगडी.

"मादी आहे जी," माया कुजबुजली. "पिल्लं नुकतीच बाहेर पडली. कोणी हलू नका."

नितीनचा कॅमेरा टकटक वाजायला लागला आणि मग थांबला. अस्वलाची आमच्याकडे पाठ होती. फोटोत नुसती पाठ येत होती, आणि पाठ बघून ते अस्वल आहे की गादी, हे सांगता येत नव्हतं. गाडी थोडी पुढे घ्या, तिच्या समोर न्या, असं तो हळूच म्हणाला. मायाने नाही म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, तिने पुन्हा नाही म्हटलं. पुढची वाट तिची आहे, आपण त्या वाटेत उभे राहिलो तर तिला पिल्लं घेऊन पळावं लागेल, फोटोसाठी लेकुरवाळीला पळवायचं नाही. मला मनातून मायाचा अभिमान वाटला. नितीन कपाळ धरून बसला.

इकडे आमचे हे टक लावून बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघितलंस का, वझं कसं बरोबर मधोमध घेतलंय. वाकून बसलीया. मार्केटात जन्म काढलाय म्हणशील."

तिथेच माझं बिघडलं. अहो, ती लेकुरवाळी, जुळ्यांची आई, पाठीवर ओझं, आणि खायला काय तर वाळवी! आमच्याकडे बाळंतिणीला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. माझी आई दोन कोस चालत जायची, पण पदराला काहीतरी बांधलेलं असायचं. आणि इथे आम्ही चार माणसं तिच्या दारात जाऊन उभे, हातात एक बंब आणि बाकी काही नाही. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

मी डबा उघडला. एक लाडू आईला, एक एक पोरांना. तीन लाडू गाडीच्या मागून अलगद खाली सोडले. (गाडीतून काही टाकायचं नाही, हे मला आठवत होतं. पण ते कचऱ्याबद्दल. माझा लाडू कचरा आहे का?)

अस्वलाचं नाक वर झालं. ती वळली. आणि जी आली! वाळवी खाणारं जनावर इतक्या जोरात चालतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला लाडू गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पोरांना काही मिळालं नाही. (ते मला पटलं नाही, पण मी बोलले नाही.) मग तिने दोन्ही पंजे गाडीच्या मागच्या फळीवर ठेवले आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणलं. तिच्या श्वासाला माझ्याच गुळाचा वास येत होता.

शंभर शंभर किलो पाठीवर घेतलेला माझा नवरा दोन्ही पाय सीटवर घेऊन बसला. रूपालीने डोळे मिटले. मी डबा छातीशी धरला. आणि नितीन? तो उभा राहून टकटक टकटक टकटक! ड्रायव्हरने गाडी सोडली तर अस्वल पिल्लांसकट मागे धावत आलं, चांगलं वळणापर्यंत.

परतताना नितीनचे पाय जमिनीला लागत नव्हते. संयम ठेवला की निसर्ग देतो, असं तो तीनदा म्हणाला. मीही खुशीत होते. लेकराला फोटो मिळाला, बाळंतिणीला लाडू. घरबसल्या एवढं पुण्य मिळत नाही.

गेटवर सगळे चहाला गेले तेव्हा माया माझ्याजवळ आली. डब्याकडे बघत म्हणाली, "मावशी, तुम्ही टाकलं ना?"

मी मान हलवली. मला वाटलं, ती कौतुक करणार.

"आता तिला माणूस दिसला की खाणं आठवन," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "माही माय रोज सकाळी त्याच बाजूनं मोहफुलं वेचाले जाते. तिच्यापाशी लाडू नसते, मावशी."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अस्वल पंजे ठेवून उभं होतं तेव्हा आला नव्हता, तो आता आला. मी नुसते हात जोडले. ती म्हणाली, साहेबांना सांगावंच लागेल, म्हणजे ती बाजू बंद ठेवतील. आणि तुझं काय होईल, हे मी कसंबसं विचारलं. तर म्हणाली, गाडीत मी होते, बघायचं काम माझं होतं.

मी गाडीत कोपऱ्यात जाऊन बसले आणि खारघर येईपर्यंत उठले नाही.

नितीनला सांगायचं ठरवलं. रोज ठरवत होते. पण तो इतका खूश की मी तोंड उघडायची, आणि त्यातून "अजून एक पोळी?" एवढंच बाहेर पडायचं. तेवढ्यात त्याने फोटो ग्रुपवर टाकला. अस्वल, गाडीवर पंजे, कोपऱ्यात माझ्या लुगड्याचा काठ. खाली लिहिलं, 'संयमाचं फळ'. लोक वेडे झाले. आणि त्याने खाली मायाचा नंबर दिला. बेस्ट गाईड, अस्वल गाडीपर्यंत आणते!

दोन दिवसांत चार कुटुंबांनी मे महिन्याचं ठरवलं. पाचव्याने फोन केला तर कळलं, मायाला पंधरा दिवस कामावर घेतलेलं नाही. नितीन म्हणाला, "आजारी असेल ग, तू कशाला टेन्शन घेतेस?" मी त्याला अजून एक पोळी वाढली.

मग आला महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झाल्यावर हॉलमध्ये कार्यक्रम. वाघ उतरवून तिथे अस्वल लावायचं ठरलं होतं. नितीनला नारळ दिला. आणि सेक्रेटरी माईकवर म्हणाले, छायाचित्राचं अनावरण मातोश्रींच्या हस्ते होईल.

मातोश्री म्हणजे कोण, हे मला क्षणभर कळलं नाही. ह्यांनी कोपराने डिवचलं तेव्हा उठले. जाता जाता पहिल्या रांगेत नाडकर्णींची बायको शेजारणीला सांगत होती, "आम्ही त्या गाईडला स्पष्ट सांगणार आहोत, पंजे गाडीवर पाहिजेत. नुसतं लांबून अस्वल दाखवलं तर चालणार नाही."

मी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. सेक्रेटरींनी माईक माझ्यापुढे धरला, दोन शब्द बोला म्हणाले. असं म्हणायची पद्धत असते, आणि आपण नको नको म्हणून खाली यायची पद्धत असते. मलाही तेच करायचं होतं. पण समोर शंभर माणसं दिसेनात, मोहफुलं वेचणारी एक बाईच दिसायला लागली, मी कधी न पाहिलेली.

"ते आपणहून आलं नव्हतं," मी म्हणाले. माझाच आवाज चारही भिंतींतून अंगावर आला. "मी लाडू टाकले होते. तीन. शेंगदाण्याचे."

नितीन नारळासकट थिजला. नाडकर्णी मात्र खुर्चीत ताठ बसले, दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले.

आणि मग तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाली, "काकी, गुळाचे की साखरेचे?"

मी बघते तर दोघी-तिघी मोबाइलवर टिपून घेत होत्या. एकाने विचारलं, बाहेरचे आणलेले चालतील का? म्हणजे मी चूक कबूल करायला उभी राहिले आणि शंभर लोकांना कृती सांगून बसले! इतका धक्का मला अस्वलाने दिला नव्हता.

"अहो, लाज वाटू द्या!" हे मी म्हणाले. मी! सेक्रेटरींच्या हातातून माईक घेतला, तोही दोन्ही हातांनी. म्हणाले, त्या पोरीचं काम गेलंय माझ्यामुळे. तिच्या आईच्या वाटेवर अस्वल येऊन उभं राहिलं तर तिने त्याला काय द्यायचं? आपल्याला फोटो पाहिजे म्हणून कोणाच्या आईला असं उभं करायचं? माझ्या हातून झालं, तुम्ही जाणून करणार का? आणखीही बोलले. किती वेळ ते माहीत नाही. हे म्हणतात पाव तास. मध्ये दूधवाल्याचाही विषय निघाला म्हणे.

थांबले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नितीन पुढे आला. मला वाटलं, आता रागावेल. त्याने नारळ खुर्चीवर ठेवला, स्टुलावर चढला आणि स्वतःच्या हाताने फोटो उतरवला. खाली येऊन एवढंच म्हणाला, "आई, गाडीतच सांगायचं होतंस." मग ग्रुपवरचा फोटो काढला, नंबर काढला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. माझं ऐकू येण्यासारखं पहिलंच भाषण, आणि त्याने पोराची बोलती बंद झाली.

त्याने मायाच्या साहेबांना सगळं लिहून कळवलं, फोटोसकट. चूक आमची, तिची नाही, असं. जूनच्या आधी मायाचा फोन आला. ती पुन्हा कामावर होती. त्या बाजूची वाट महिनाभर बंद ठेवली होती. सुरुवातीला अस्वल रोज सकाळी येऊन रस्त्याकडे बघत बसायचं, मग कंटाळलं. आता वारूळ उकरतं. मायाची आई दुसऱ्या बाजूने, चार बायकांच्या सोबतीने जाते. "लवकरच लाडू विसरन ती," माया म्हणाली. मी फोन कानाला धरून नुसती मान हलवत राहिले. रूपालीने मला आठवण करून दिली की मान फोनवर दिसत नाही.

एवढं सगळं होऊन मी सुधारले असेन, असं कोणाला वाटेल. नाही. जन्माचं बोलणं त्या एका सकाळी संपलं. परवा लिफ्टमध्ये एक लहान मुलगी आईला चिकटून माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "आई, फोटोतलं अस्वल ह्याच का?" आई फोनमध्ये होती, न बघताच "हो" म्हणाली. पोरीने भेदरून माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

मी मान हलवली.