आवळेबाईंनी न दिलेला रस

आमच्या प्रयोगशाळेत कारभार इंग्रजीत चाले आणि बाहेर हिंदी-पंजाबीत. आवळेबाई मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मराठीत मोजायच्या. ‘एकोणपन्नास, पन्नास, हे तुटकं, एक्कावन्न.’ मध्येच कुणी हाक मारली तर ओ देत नसत. विद्यापीठात शिपायापासून सगळ्यांना त्या ‘आंवलेवाली मॅडम’. आम्हा चार मराठी माणसांत आवळेबाई.

वडिलांच्या बदलीमुळे आम्ही चंदीगडला आलो आणि मी बाईंच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. उंदरांना काही दिवस आवळ्याचा रस पाजायचा, मग त्यांच्यावर गॅमा किरण सोडायचे, आणि मांडीच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशींत किती गुणसूत्रं तुटली ते मोजायचं. किरणांमुळे पेशीत विध्वंसक कण सुटतात आणि डीएनए तोडतात. आवळा त्यांना वाटेतच निकामी करत असावा, असा बाईंचा अंदाज होता. कुठली काच रस प्यालेल्या उंदराची, हे त्या स्वतःला कळू देत नसत. काचांवरच्या चिठ्ठ्या मी झाकायच्या. “आपल्याला जे हवं असतं ना, तेच डोळ्याला आधी दिसतं,” असं म्हणत.

रस प्यालेल्यांत तुटकी गुणसूत्रं कमी निघत. मला आनंद व्हायचा. त्या म्हणायच्या, “उंदरांत.”

तिसऱ्या वर्षी त्यांच्या यजमानांना घशाचा कॅन्सर निघाला. सैन्यातून निवृत्त झालेले, मोठ्यानं हसणारे गृहस्थ. किरणोपचार सुरू झाले आणि तोंड आतून सोलवटून निघालं. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा ते कसंबसं बोलले, “उंदरांना पाजतेस. मला का नाही?”

“उंदरांना गाठ नव्हती हो,” बाई म्हणाल्या. “रस पेशींना वाचवतो. तुमची गाठसुद्धा पेशींचीच आहे. तिलाच वाचवलं तर?”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“त्यांनाही माहीत नाही.”

यजमानांनी होकारार्थी मान हलवली. शेजारच्या सरदारणीनं मुरब्ब्याची बरणी आणली होती. “बहनजी, आंवला तो अमृत है जी, दे दो.” बाईंनी आभार मानून बरणी फळीवर ठेवली. यजमानांना गिळवेना, म्हणून उपचार मध्येच थांबवावे लागले. त्या थंडीत ते गेले.

अमरावतीहून दीर आले. माझ्यादेखत म्हणाले, “वहिनी, जगाला वाचवायला निघालात, घरच्या माणसाला घोटभर रस दिला नाहीत.” बाईंनी त्यांना विचारलं, “चहात साखर किती घालू?”

तेराव्यानंतर त्या कामावर आल्या. रडल्या नाहीत. मलाही काही वाटेनासं झालं होतं. मी आपली काचा धुवायचे. त्यांनी नवा प्रयोग मांडला: गाठ असलेले उंदीर, निम्म्यांना रस, किरण सगळ्यांना. पुढची दोन वर्षं तेच.

शेवटी मी चिठ्ठ्या उघडल्या. किरणांनी गाठी दोन्हीकडे सारख्याच आटल्या होत्या. रसानं गाठ वाचवली नव्हती. रस प्यालेल्यांच्या निरोगी पेशी मात्र वाचल्या होत्या.

“पुन्हा करू,” बाई म्हणाल्या. पुन्हा केलं. मग आणखी एकदा. तेच आलं.

मला राहवलं नाही. “बाई, म्हणजे तेव्हा दिला असता तर...”

“हे उंदीर आहेत,” त्या म्हणाल्या. “तेव्हा माहीत नव्हतं म्हणून दिला नाही. तेवढं बरोबर होतं. त्यांना त्याचा काय उपयोग झाला, ते मला विचारू नकोस.”

पुढच्या महिन्यात माझं लग्न ठरलं आणि मी चंदीगड सोडलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा बाई त्या प्रयोगावरचा शोधनिबंध टंकलेखकाला सांगत होत्या. मला पाहून थांबल्या, मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, सपाट, स्वच्छ. त्या पुढचं वाक्य सांगत होत्या.