करंगळीवरची शाई

"झाकण बसलं का ओ भाऊ? बघा बरं जरा."

लसीचा बर्फ भरलेला डबा खांद्याला लावला की आमच्या सिस्टर हे विचारणारच. आधी तळहाताने झाकण दाबायचं, मग कोपराने, आणि तरी मला बघायला लावायचं. सेलू तालुक्यातल्या उपकेंद्रात त्या नर्स, मी आरोग्यसेवक. मी चिडवायचो, "साप न्हाई बाई डब्यात, लस हाय." त्या हसायच्या आणि पुन्हा एकदा दाबायच्या.

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण बाईंची भीती वेगळी. अडलेल्या बाळंतिणीसाठी चिखल तुडवत एकट्या जायच्या. भ्यायच्या ते फक्त बोलणी खायला. मीटिंगमध्ये तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी नुसतं "सिस्टर" म्हटलं तरी उभ्या राहायच्या. एकदा लस खराब झाली म्हणून साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. परतताना बाई एसटीत गावापर्यंत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

लेकरांशी मात्र त्यांची गट्टी. पोलिओचे थेंब पाजले की करंगळीला शाईची खूण करतात. बाईंनी त्या खुणेचं बक्षीसच करून टाकलं होतं. "शाई पायजे? मंग आधी आ कर." पोरं शाईसाठी रांगेत ढकलाढकली करायची.

त्या दिवशी मी दुसऱ्या गावाला होतो. बाई देवगाव फाट्याकडच्या वीटभट्टीवर गेल्या. डबा उघडला आणि साहेबांचा फोन आला, अजून किती लेकरं राहिली म्हणून. फोनवर "हो साहेब, हो साहेब" करता करता झाकण उघडंच राहिलं, तेही पेटत्या भट्टीच्या अंगाला. फोन ठेवून पाहिलं तर बाटलीवरची, उष्णता लागली की रंग बदलणारी चौकट काळी पडलेली. म्हणजे लस गेली. नवी आणायची तर पुन्हा साहेबांसमोर उभं राहणं आलं. समोर बाया काम टाकून लेकरं घेऊन उभ्या. बाईंनी बाटली पिशवीत टाकली आणि सगळ्यांच्या करंगळ्यांना नुसती शाई लावली.

हे कुणालाच कळलं नसतं. पण काही दिवसांनी भट्टीवरून निरोप आला, एका मजुराची पोरगी पाय टेकवीना झाली.

बाई माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. "भाऊ, तिला म्या थेंब पाजलेच न्हाईत," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. मी भ्यालो, खरंच भ्यालो. त्या पोरीसाठी, बाईंसाठी आणि भट्टीवरच्या बाकीच्या लेकरांसाठी.

त्यांनी स्वतःच जीप करून पोरीला परभणीच्या दवाखान्यात नेलं, मी सोबत होतो. डॉक्टरांनी पोरीची करंगळी पाहिली आणि म्हणाले, "डोस झालेला दिसतोय." गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. बाई भिंतीला धरून म्हणाल्या, "न्हाई साहेब. खूण खोटी हाय. मीच केलीय."

पोलिओच्या तपासणीचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले. निकाल येईपर्यंत आम्हा दोघांनाही अन्न गोड लागलं नाही. मी घरी आलो की माझ्या लेकीला उगाच अंगणात पळायला लावायचो. बाई रोज एकच विचारायच्या, "पाय हलवायलीय का ओ ती?"

पोरगी विटांच्या थप्पीवरून पडली होती. पाय मुरगळला होता, एवढंच. निकालही चांगला आला. पण बाईंचं ते वाक्य तोवर वर पोचलं होतं.

त्या निलंबित झाल्या. भट्टीवर राहिलेले थेंब पाजायला मी नव्या सिस्टरसोबत गेलो. पोरांनी आम्हाला पाहताच करंगळ्या पुढे केल्या. आयांनी ते हात धरून खाली केले. "आधी थेंब पाजा. आमाला दिसू द्या," एक जण म्हणाली. ती त्याच पोरीची आई होती.

चौकशीत बाईंना विचारलं, कुणाच्या दबावामुळं केलं? त्या एवढंच म्हणाल्या, "मला भेव वाटलं साहेब." त्या दिवशी फोन करणाऱ्या साहेबांकडेच पाहून म्हणाल्या, आणि या वेळी मला त्यांचा आवाज कापलेला ऐकू आला नाही. नोकरी गेली, नर्सिंगची नोंदणीही रद्द झाली. शिक्षा चुकीची होती असं मी म्हणणार नाही. लेकरांच्या जिवाशी खेळ झाला होता. तरी मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढच्या फेरीला लस घेऊन जाताना त्या मला फाट्यावर दिसल्या. पिशवी घेऊन माहेरच्या गाडीची वाट पाहत होत्या. मी मोटारसायकल थांबवली.

"भट्टीवर चाललात का?"

"हो बाई."

"ती पोरगी पळायलीय का आता?"

"लय पळायलीय."

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावरच्या डब्याकडे पाहिलं. सवयीनं हात पुढं आला, तळहात झाकणापर्यंत पोचला आणि तिथंच थांबला. त्यांनी तो मागे घेतला आणि पदरात लपवला.

"तुमीच दाबा भाऊ," त्या म्हणाल्या. "नीट दाबा."