युसूफभाईंचे आकडे

दीड महिन्यापूर्वी आळेफाट्याच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, आकडेवाले भाई गेले." दुःख व्हायच्या आधी मला तो शब्दच टोचला... युसूफभाईंना ते नाव माझ्यामुळे पडलं होतं.

युसूफभाई पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचे. राजुरी, बेल्ह्यापासून जळक्या मोटारी टेम्पोत घालून फाट्यावरच्या त्यांच्या दुकानात यायच्या. मी तेव्हा वीज कार्यालयात अभियंता होतो, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. संध्याकाळी फाट्यावर चहा आणि आमचा वाद ठरलेला. अणुवीज सोडून देश चालायचा नाही, ऊन गेलं की सोलर झोपतं, असं मी ठासून सांगायचो. ते हसायचे. "तुमचा अणू लई बारीक राव, पण थाप लई मोठी! देशाला वीज किती लागती, ते कुणी मोजलं? वाईट भरलेली मोटार जास्ती खाती, तुमची तार वाटंतच गळती. ती बी गरजच धरता काय? आधी गळती काढा. मंग अणू लागंल का न्हाई ते बोलू."

छापून आलेल्या प्रत्येक आकड्यावर त्यांचा एकच प्रश्न असे, "मोजणाऱ्याला पगार कोण देतं?" त्यांचा संशय आकड्यांवर होता, माझा त्यांच्यावर. चौथी शिकलेला माणूस हे कुठून बोलतो? त्याच्यामागे कुणी आहे का? त्यांचं नाव युसूफ नसतं तर हा प्रश्न मला पडला असता का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारलं नाही.

एकदा चार माणसांसमोर त्यांनी मला वादात पुरतं अडवलं. ते म्हणाले, "माझ्याकडं आकडे हायेत साहेब. दुकानात या, दाखवतो." दुकानात येणारी प्रत्येक मोटार भरण्याआधी आणि भरल्यावर किती वीज ओढते, ते त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. मला ते ठाऊक होतं. पण ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी कार्यालयात कळवलं, मोटारवाल्याकडे आकडे आहेत. आमच्याकडे आकडा म्हणजे तारेवर टाकून वीज चोरायचा हूक. वरच्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही तिथं होतात ना? आकडे आहेत म्हणाला का तो?"

"हो, म्हणाला," मी सांगितलं.

एवढंच. शब्द खरा होता... आणि मला वाद जिंकायचा होता.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, फाटा गजबजलेला असताना, वीजचोरी पकडणाऱ्या पथकानं भर रस्त्यात दुकान उलटंपालटं केलं. काहीच सापडलं नाही. पण "सापडलं नाही" हे कोण लक्षात ठेवतं? मोटारी दुसरीकडे जाऊ लागल्या. चहावर "काय आकडेवाले!" अशी हाक यायची, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर ते माझ्याशी वीज सोडून सगळ्यावर बोलायचे.

परवा दुकानात गेलो. आता त्यांची मुलगी सलमा मोटारी भरते. तिला सगळं सांगितलं. तिनं वही काढून दिली. पानोपानी मोटारी, आणि शेवटी वडिलांच्या अक्षरात, "अणू बिगर भागंल का? अजून सांगता येत न्हाई." माझ्याइतकी खात्री त्यांना कधीच नव्हती. मीच तेवढा खात्रीनं बोलत होतो.

"अब्बांना म्हाईत व्हतं, तुमीच सांगितलं ते," सलमा म्हणाली. "पण आत्ता का सांगताय? ते गेल्यावर?"

मी म्हटलं, पेपरात लिहितो, माझ्या नावानिशी. युसूफभाईंनी कधी वीज चोरली नाही, त्यांचे आकडे वहीतले होते.

ती वळली. भरून झालेली मोटार तिनं थेट लाईनला लावली नाही. आधी मधे एक बल्ब जोडला, वडील जोडायचे तसा. मोटारीत दोष असला तर बल्ब भगभगतो, मोटार वाचते. बल्बाकडे बघत ती म्हणाली, "छापून येऊ द्या. मंग बघू."