छऱ्याची बंदूक आणि एक घाईची कबुली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंच कोणत्या गुन्ह्यात होता, हेही सांगता येत नाही. बदलापूरचं हे प्रकरण मात्र वेगळं राहिलं. गुन्हा तसा मोठा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. पण त्यातली माणसं अजून नजरेसमोर येतात.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बदलापुरात इमारती भराभर उठत होत्या, पण गावाबाहेर चामटोलीच्या बाजूला अजून शेतं आणि गोठे होते. त्यांच्या अध्येमध्ये नोकरदारांनी प्लॉट घेऊन बांधलेली छोटी घरं. मी तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने रुग्णालयाचा फोन आल्याचं सांगितलं. आदल्या संध्याकाळी एका शेतकऱ्याला गोठ्यात धार काढताना डाव्या डोळ्याखाली काहीतरी लागलं होतं. मी पोचलो तेव्हा त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि तो गुंगीत होता. डॉक्टरांनी चेहऱ्यातून काढलेली वस्तू बाटलीत घालून दिली. शिशाचा, डमरूच्या आकाराचा छर्रा. पिस्तुलाची गोळी नव्हती ती, एअरगनचा छर्रा होता. पण तोवर गावात "गोळीबार झाला" अशी बातमी पसरली होती आणि वरिष्ठांचे फोन सुरू झाले होते.

जखमीच्या धाकट्या भावाने फिर्याद दिली. तो गावात राहायचा, गोठ्यावर क्वचितच यायचा, त्यामुळे कोणी मारलं ते त्याला माहीत नव्हतं. "फट् असा आवाज आला आन् दादा खाली पडला," एवढंच तो सांगत होता.

अशा वेळी आधी बंदूक कुठून आली ते शोधायचं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये चहाची गाडी लावणारा माझा एक जुना खबरी होता. त्याला निरोप धाडला. दुपारी त्याचा फोन आला. "साहेब, इथे जुन्या सामानाचं दुकान आहे ना, त्या शेठने पुरानी छर्रेवाली बंदूक विकलीय. घेणारा बदलापूरचा होता."

दुकानदार पन्नाशीतला सिंधी माणूस. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, एअरगन आहे, तिला लायसन लागत नाही. बाहेरच्या देशातला जुना माल, लाकडी दस्ता एकदम मस्त. मी फक्त विकली."

"कोणाला?"

"एक अंकल होते. अंबरनाथच्या कंपनीतून रिटायर झालेले. गोठ्याच्या बाजूला घर आहे म्हणाले. दोन-तीन वेळा येऊन नुसती हातात घेऊन बघून गेले. मग एक दिवस घेतली. चादरीत गुंडाळून नेली, लहान पोराला नेतात तशी."

गोठ्याच्या बाजूला एकच घर होतं. मध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीवर ओळीने ठेवलेले पत्र्याचे रिकामे डबे, डब्यांना भोकं. मी फाटक उघडलं तर साठीचे एक गृहस्थ बाहेर आले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "या साहेब. मीच मारली. चूक झाली माझ्याकडून." त्यांची बायको मागे दाराची चौकट धरून उभी होती. गृहस्थांनी स्वतःच धान्याच्या कोठीमागून बंदूक काढून दिली. पंचनामा केला, बंदूक जप्त केली आणि त्यांना ठाण्यात आणलं.

बातमी आमच्या आधी ठाण्यात पोचली होती. जखमीचा भाऊ चार भाऊबंदांसह आवारात उभा. आता त्याचा सूर बदलला होता.

"साहेब, यांचं आमचं वाटेवरून भांडण हाय. मुद्दाम मारलीय. तीनशे सात लावा."

तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला या गृहस्थांच्या ओळखीची बौद्ध मंडळीही येऊन उभी राहिली. कोणी कोणाला काही बोलत नव्हतं, आणि तेच मला बरं वाटत नव्हतं. मी एखादं कलम घाईने लावलं असतं तर दोन घरांचं भांडण रात्रीपर्यंत दोन वस्त्यांचं झालं असतं.

आम्ही ठाण्यात त्या गृहस्थांना काका म्हणू लागलो होतो. मी त्यांना समोर बसवलं.

"काका, या वयात बंदूक कशाला घेतलीत?"

"हौस."

"कसली हौस?"

"लहानपणी गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक असायची. आमच्या घरानं दीक्षा घेण्याआधीची गोष्ट. मी पैसे घेऊन गेलो होतो. त्या माणसानं पैसे खाली ठेवायला सांगितले आणि बंदूक काही हातात दिली नाही. म्हणाला, तू नुसता बघ. पुढे नोकरीत, संसारात राहूनच गेलं. त्या दुकानात तशीच बंदूक दिसली, म्हटलं आता कोण अडवतंय."

हे सांगताना आवाज कुठेही हलला नाही. मग त्यांनी घटना सांगितली: डब्यावर नेम धरला, हात हलला, छर्रा भिंतीवरून गेला. सगळं नीट जुळत होतं. पोलिसासमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, तरी अशी कबुली मिळाली की तपास अधिकाऱ्याला हायसं वाटतं, हे कबूल करायला हवं.

जबाबाखाली सही घ्यायची वेळ आली. काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि मग पेन धरलं.

"हाताला काय झालंय?"

"खांदा धरलाय. वर जात नाही. जुनं दुखणं आहे."

मी हवालदारांना बंदूक आणायला सांगितलं. ती सील करून प्रयोगशाळेकडे पाठवायची होती, पण पंच अजून बसलेले होते. या जुन्या बंदुकीत दारूचा बार नसतो. नळी मधून मोडून खाली ओढावी लागते, तेव्हा आतली जाडजूड स्प्रिंग दबते, आणि ती सुटली की हवेच्या दाबाने छर्रा बाहेर पडतो. नळी मोडायला चांगला जोर लागतो. नळी रिकामी असल्याची खात्री करून मी बंदूक काकांसमोर ठेवली.

"काका, भरून दाखवा."

त्यांनी प्रयत्न केला. डाव्या हाताने केला, मांडीवर टेकवून केला. कपाळावर घाम आला, नळी अर्धीही वाकली नाही.

"काल जमलं," ते म्हणाले.

"काल कोणी भरून दिली?"

काकांनी बंदूक माझ्याकडे परत सरकवली. मघापर्यंत न विचारता सगळं सांगणारा माणूस एकदम दगडासारखा बसला.

त्यांची बायको डबा घेऊन बाहेर बाकावर बसली होती. महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिच्याशी बोलायला गेलो. काकी बारीक अंगाच्या, पण मनगटं कामाची. मी एवढंच म्हटलं, "काकी, काकांना बंदूक भरता येत नाही."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "मला लेकीची शपथ घातलीय यांनी," त्या म्हणाल्या. "पण लेक काय म्हणेल मला, बाप आत आणि आई बाहेर?"

त्या आत आल्या. काका "अगं, तू कशाला..." म्हणत उठले, तोवर काकींनी टेबलावरची बंदूक उचलली, गुडघ्यावर टेकवून नळी सहज मोडली आणि म्हणाल्या, "यांचा खांदा चालत नाही, म्हणून भरायचं काम माझं. आधी मी रागावले होते, म्हातारपणी काय हे खूळ म्हणून. मग मीही मारून बघायला लागले. रोज संध्याकाळी डबे पाडायचो आम्ही. काल मी छर्रा घातला, यांच्याकडे बघत नळी मिटवत होते, नळीचं तोंड गोठ्याकडे, आणि..."

त्यांनी नळी मिटवली. फट्!

खोलीत सगळे दचकले. काकींचं बोट चापाजवळही नव्हतं. आम्ही पंचांसमोर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी होत नव्हतं, पण मधूनच नळी मिटताच स्प्रिंग आपोआप सुटत होती. म्हणजे नेम धरून मारल्याचा प्रश्नच नव्हता. तसं पंचनाम्यात नोंदवून घेतलं.

एक गोष्ट राहिली होती. मी पुन्हा कॅम्प एकला गेलो. दुकानदाराला विचारलं, "विकताना काही बोलला होतास का, बंदुकीबद्दल?"

तो आधी इकडचंतिकडचं बोलला. मग म्हणाला, "साहेब, मी सांगितलं होतं अंकलना. आतला खटका घासलाय, कभी कभी अपने आप छूटती है, पहले बनवा लो. ते म्हणाले, मी सगळी नोकरी मशीनवर काढलीय, मी बघतो."

परत आलो तेव्हा दोघं ठाण्यात समोरासमोर बसले होते. मी दुकानदाराचा जबाब वाचून दाखवला. वाचताना माझं लक्ष काकींकडे होतं. त्यांनी हळूच मान वळवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"अहो, विचारतेय मी. माहीत होतं तुम्हाला?"

"आज उघडतो, उद्या उघडतो म्हणत राहिलो," काका म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी परत करायला लावली असतीस."

"मग परत केली असती!"

"हो." त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "साहेब, मी खोटं बोललो असेन. पण मीच मारली म्हटलं ते उगाच नाही म्हटलं. तिच्या हातातून सुटली, एवढंच."

इतकी वर्षं मी कबुलीचे दोनच प्रकार मानत आलो होतो, खरी आणि खोटी. या माणसाच्या कबुलीतली घटना खोटी होती आणि अपराध खरा होता.

आता प्रश्न तीनशे सातचा. जखमीचा भाऊ ऐकायला तयार नव्हता. "बंदूक आपोआप सुटली आणि नेमकी दादाच्या तोंडावर?" असं तो विचारत होता, आणि त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. चार दिवसांनी जखमीच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी जबाब घ्यायला परवानगी दिली. डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड-अंधार कळेल, असं त्यांनी मला दारातच सांगितलं होतं. भाऊ उशाशी बसला होता.

मी वाटेच्या भांडणाबद्दल विचारलं.

"भांडान हाय," तो म्हणाला. "वाट आमचीच हाय, ती मी सोडनार नाय. पन तीनशे सात कशाला? साहेब, म्या रोज गोठ्यातून बघायचो त्यांना. काकीचा नेम लई भारी. डबा चुकायचा नाय. मला मारायचा इचार असता तर असा गालावर नसता बसला."

"दादा, तुझा डोळा गेलाय!" भाऊ ओरडला.

"माझाच गेलाय ना? मंग मला बोलू दे."

तो जबाब शब्दाला शब्द लिहून घेतला. निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याचं कलम लावून दोघांवरही आरोपपत्र दाखल केलं. भाऊ त्यानंतर माझ्याशी कधी नीट बोलला नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्याने आपल्या भावाला चेहरा रक्ताने माखलेला असताना उचलून नेलं होतं.

कोर्टात दोघांनी गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि दंड झाला, बंदूक नष्ट करण्याचा आदेश झाला. त्या दिवशी दोघं कोर्टाच्या बाकावर बसून होते, पण मध्ये एका माणसाची जागा ठेवून. काकी नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मला पाहून उठून आल्या.

मी म्हटलं, "काकी, तुमचं नाव कागदावर आलं, वाईट वाटतं."

"वाईट कशाला?" त्या म्हणाल्या. "यांनी सगळं अंगावर घेतलं असतं आणि मी सुटले असते. मग रोज संध्याकाळी शेजारी धार काढायला बसला की मी कुठे तोंड लपवलं असतं? परवा त्याच्या घरी जाऊन सांगून आले, तुझा डोळा माझ्या हातून गेला म्हणून. त्याची बायको खूप बोलली मला. सगळं ऐकून घेतलं. आता निदान भिंतीजवळ उभी राहू शकते."

पुढे नव्या मुलांना तपास शिकवताना मी त्यांना सांगायचो की पहिल्याच प्रश्नाला कबुली मिळाली तर दुसरा प्रश्न जास्त काळजीने विचारा. त्यांना ती कामाची युक्ती वाटायची, आणि ती तशी आहेच. पण त्या प्रकरणातून मला मिळालं ते वेगळंच होतं. बायकोला वाचवण्यासाठी खोटं बोललेल्या त्या माणसाला मी आजही वाईट म्हणणार नाही. त्याच्या जागी असतो तर बहुधा मीही तेच केलं असतं. पण तिला असं सुटायचं आहे का, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं.