धाकटीचा अभ्यास

मी दौंडला राहते आणि शिरूरच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. पीएचडीसाठी मी शाळकरी मुलांच्या अभिप्रेरणेचा विषय घेतला होता. मूल नेमकं कशासाठी शिकतं? आनंदासाठी, बक्षिसासाठी, घरच्यांच्या धाकानं, की चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून? नववीच्या मुलांकडून वर्षाच्या सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घ्यायची, तीच वर्ष संपताना पुन्हा द्यायची आणि मधल्या काळात काय बदललं ते पाहायचं, असं ठरलं होतं.

मी निवडलेल्या शाळांत निमोण्याची एक शाळा होती. तिथे एकाच बाकावर दोन सख्ख्या बहिणी बसायच्या. थोरली लहानपणी काविळीनं एक वर्ष मागे राहिली, म्हणून दोघी एका वर्गात आल्या होत्या. घरी झेंडू आणि कांद्याची शेती. थोरली रुंद हाडाची, कमी बोलणारी. धाकटी काडीसारखी, पण तोंड सतत चालू.

प्रश्नावली वाटली आणि धाकटीनं लगेच हात वर केला.

"मॅडम, 'नवीन काही कळलं की मला आनंद होतो' आन् 'घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून मी अभ्यास करते', दोन्ही खरं असलं तर?"

"मग दोन्हीपुढे खूण कर."

"आन् कवा एक खरं, कवा दुसरं, असं असलं तर?"

वर्ग हसला. थोरलीनं मात्र सगळ्या वाक्यांपुढे 'सांगता येत नाही' अशी खूण करून कागद केव्हाच पालथा घातला होता. मी जवळ गेले तशी म्हणाली, "माझं मनावर घेऊ नका, मॅडम. शाळा हिच्यासाठी हाय. मी आपली सोबतीला येते."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. शाळा सुटल्यावर धाकटी माझ्यामागे फाटकापर्यंत आली. मन मशीनमध्ये दिसतं का, वेड्या माणसाला आपण वेडे आहोत हे कळतं का, असं काय काय विचारत राहिली. थोरली दोघींची दप्तरं खांद्याला लावून बाजूला उभी होती. तिला घाई नव्हती.

दिवाळीनंतर त्यांच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. धाकटी शेततळ्यात बुडून गेली होती. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय टिकत नाही, आणि एकदा घसरलं की वर यायला धरायला काही नसतं. ती मोटर चालू करायला गेली होती. पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला होता, तो काढायला वाकली असावी, असं लोक म्हणाले. ते काम रोज थोरलीचं. त्या दिवशी तिला ताप होता.

दहावा झाल्यावर मी भेटायला गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. आम्ही ख्रिस्ती, आमच्याकडे अशा वेळी मोठ्यानं प्रार्थना म्हणतात. तिथं मला ती म्हणवेना. मी त्या माउलीचा हात धरून नुसती बसून राहिले. थोरली आल्यागेल्याला चहा देत होती.

मार्च संपत आला तेव्हा ती शाळा वगळावी असं माझ्या मनात आलं, पण मुख्याध्यापक 'या' म्हणाले. थोरली बाकावर एकटीच होती, आतल्या बाजूला, जिथं धाकटी बसायची तिथं. या वेळी तिनं एकेक वाक्य वाचून खुणा केल्या. नवीन कळलं की आनंद होतो, पूर्ण सहमत. अवघड गणित सोडवायला आवडतं, पूर्ण सहमत. ती आता वर्गात पहिली येते, असं मुख्याध्यापकांनी कौतुकानं सांगितलं.

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. "ही उत्तरं तुझी आहेत का?"

"तिची हायेत," ती म्हणाली. "तिला डॉक्टर व्हायचं व्हतं. आता मी व्हणार. आईला तसं सांगितलंय."

"आणि तुला काय आवडतं?"

ती मैदानाकडे बघत म्हणाली, "मोटर चालू करायला मी जायला पायजे व्हतं, मॅडम."

माझे मार्गदर्शक मायेचे गृहस्थ होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "हिची उत्तरं धरू नका. ती तिची नाहीतच." नियमानं ते बरोबर होतं. मी तसंच केलं, आणि घरी येऊन रडले.

दहावीला थोरलीला उत्तम गुण पडले. ती आमच्याच महाविद्यालयात विज्ञान शाखेला आली. जिद्द असावी तर अशी, म्हणून लोक आपल्या मुलांना तिचं उदाहरण देत. बारावीच्या वर्षी एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आधी पुस्तक उघडलं की ती शेजारी बसून वाचतीय असं वाटायचं. तवा समजायचं सगळं," ती म्हणाली. "आता ती येत न्हाई. नुसतं पुस्तकच हाय."

डॉक्टरकी आता आपल्याच्यानं होणार नाही, हे घरी तुम्हीच सांगा म्हणाली, म्हणून मी घरच्यांशी बोलायला गेले. वडील म्हणाले, "तिला झेपंल ते करू द्या. आमचं काय म्हणणं न्हाई." आई उठून आत गेली. त्यानंतर कित्येक महिने ती थोरलीशी धड बोलली नाही. थोरली बारावी साध्या गुणांनी पास झाली आणि घरची शेती बघू लागली. कामाला ती पहिल्यापासूनच वाघ होती. मळा तिनं चांगला सांभाळला.

गेल्या दसऱ्याच्या आधी मी त्यांच्याकडे गेले होते. घरची सगळी झेंडूची तोडणी करून क्रेट भरत होती. आई मला म्हणाली, "धाकटी असती तर आता दवाखान्यात बसली असती. शिकायची लई हौस तिला. हिला कुठली?" थोरली शेजारीच होती. तिचे हात थांबले नाहीत.

मला फाट्यापर्यंत सोडायला ती आली. वाटेत मी म्हणाले, "आईनं तुझ्यासमोर असं बोलायला नको."

"बोलू द्या, मॅडम," ती म्हणाली. "तिचं नाव काढायला आईला माझ्याबिगर कोण हाय? गावात आता कुणी इचारत बी न्हाई."

एसटी आली तशी ती मागे फिरली. बाजाराची गाडी यायच्या आत तिला क्रेट बांधून ठेवायचे होते.